चार कागद, एक बाबाजी

बाबाजीचे चार कागद टेबलावर मांडले आहेत. पहिल्यावर त्याचं वय बावीस. नऊ वर्षांनंतरच्या दुसऱ्या कागदावर ते पंचवीस. तिसऱ्यावर वयाचा उल्लेखच नाही आणि चौथ्यावर एकदम ऐंशी. पहिला कागद त्याला रत्नागिरीचा म्हणतो, दुसरा ‘वारी’चा, चौथा मुंबईचा. पहिल्या दोन कागदांवरचे नंबर जुळत नाहीत. तिसऱ्या कागदानुसार तो पोटच्या मुलाचा कायदेशीर बाप नाही. घरातली आठवण याहून निराळं सांगते: खापरपणजोबा भोसले होते, सत्तावन्नच्या धामधुमीनंतर जहाजाने आले.

हा बाबाजी मी या प्रकरणापुरता घडवला आहे, म्हणून त्याला शोधायला जाऊ नका. त्याचे कागद मात्र खऱ्या कागदांच्या साच्यातले आहेत. मॉरिशसमधल्या मराठी घराचा मूळपुरुष शोधायला बसलेल्या माणसाला यातले गोंधळ भेटल्याशिवाय राहत नाहीत. अशा वेळी सहसा दोन चुका होतात. एक तर आपल्याला आवडलेला कागद खरा मानून बाकीचे बाजूला सारायचे, नाहीतर सगळेच खोटे ठरवून नाद सोडायचा. तिसरी वाट थोडी लांबची आहे. या प्रकरणात आपण तीच धरू.

सोळा पायऱ्या

ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी तो कायदा मॉरिशसमध्ये लागू झाला. उसाचे मळे मात्र होते तिथेच होते आणि मळेवाल्यांना हात हवे होते. कायदा लागू होण्याच्या तीन महिने आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अॅटलास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. करारावर मजूर नेण्याची ही पद्धत पुढे पाऊणशे वर्षं चालली आणि सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. पोर्ट लुईच्या डेपोत शिरताना त्यांना दगडाच्या सोळा पायऱ्या चढाव्या लागत. ती जागा आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखली जाते आणि २००६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे.

यातले बहुतेक लोक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून कलकत्तामार्गे गेले, त्याखालोखाल तमिळ-तेलुगू मुलखातून मद्रासमार्गे. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे. त्यांचा मुख्य ओघ १८४० ते १८६० च्या दशकांतला, आणि माणसं प्रामुख्याने कोकण आणि घाटमाथ्यावरची. ज्या बंदरातून आले त्याच्यावरून त्यांना तिकडे ‘बॉम्बे’ हेच नाव पडलं. बाबाजीच्या चौथ्या कागदावर ‘मुंबई’ का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

डेपोत प्रत्येकाला एक नंबर मिळे. त्या नंबरापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज आणि कुठल्या मळ्यावर पाठवलं ते, असे रकाने असत. सुरुवातीच्या काळात यातले बरेच रकाने रिकामे राहत, पुढे ते भरत गेले. लग्न झालं, माणूस मायदेशी परतला किंवा मेला, की तेही त्याच्याच ओळीत मागाहून लिहिलं जाई. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ही दोन हजारांहून जास्त दप्तरं जपलेली आहेत.

ही वही वंशजांसाठी लिहिलेली नव्हती, हे आधी मनाशी पक्कं केलं पाहिजे. माणूस पळाला तर सापडावा, म्हणून ती होती. १८६७ च्या मजूर कायद्याने करार संपलेल्या माणसालाही फोटो चिकटवलेला पास जवळ बाळगणं भाग पडलं. पास नसला की पोलीस भटक्या म्हणून पकडत. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला, त्यासाठी आडॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाचा मळेवाला पुढे झाला आणि पुढच्या वर्षी लंडनहून चौकशीसाठी शाही आयोग आला. आज पणतू-खापरपणतू ज्या फोटोला चौकट करून हार घालतात, तो पोलिसांनी ओळख पटवावी म्हणून काढलेला असतो.

प्रत्येक ओळीत तीन माणसं

कुठल्याही नोंदीची एक ओळ घ्या. तिच्यात नाव एकाचं असलं तरी माणसं तीन असतात. एक प्रश्न विचारणारा, दुसरा उत्तर देणारा, तिसरा लिहिणारा. नोंद खरी की खोटी हे विचारण्याआधी या तिघांची ओळख करून घ्यावी. विचारणाऱ्याला ती माहिती कशासाठी हवी होती? उत्तर देणाऱ्याला ती ठाऊक असण्याचं काही कारण होतं का? आणि लिहिणाऱ्याच्या कानाला समोरच्याची भाषा कळत होती का?

आपल्याकडेही हे नवं नाही. जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनला झालेला आहे. मास्तरांना मूल पहिलीत बसवायचं होतं, बापाला ‘तो पुराच्या साली झाला’ एवढंच ठाऊक होतं, आणि रकाना भरणं तर भाग होतं. त्या तारखेत खोटं बोलण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. तरी तिच्यावरून कुणी कुंडली मांडू नये.

आता हीच नजर नावांना लावू. मॉरिशस १८१० मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पण लोकांची जीभ आणि जन्म-मृत्यूच्या नोंदीची पद्धत फ्रेंचच राहिली. फ्रेंच कानाला आपले महाप्राण ऐकू येत नाहीत. भिवाचा बिवा होतो, धोंडूचा दोंदू, सखारामाचा सकाराम. ळचा ल होतो. ‘जी’ कधी नावाला चिकटून राहतो, कधी गळून पडतो. त्यामुळे रजिस्टर उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर आपल्या माणसाचं नाव जितक्या तऱ्हांनी ऐकू येऊ शकेल तितक्या तऱ्हांनी लिहून काढावं. बाबाजी, बाबजी, बाबूजी, बापजी, पापाजी. अक्षरं जुळवण्यापेक्षा नाव मोठ्याने म्हणून बघणं जास्त उपयोगी पडतं.

जहाजांचीही यातून सुटका झाली नाही. ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पहिले भारतीय मजूर घेऊन गेलेलं जहाज कुठे ‘फतेल रझाक’, कुठे ‘फुटल रोझॅक’, तर कुठे ‘फतह अल रझाक’ असं लिहिलेलं सापडतं. एवढ्या मोठ्या जहाजाची ही गत, तर कोकणातल्या एका बाबाजीचं काय घेऊन बसायचं!

आडनावाची कथा आणखी वेगळी. वहीत आडनावाचा रकानाच नव्हता. होतं ते स्वतःचं नाव आणि बापाचं नाव. पुढच्या पिढीची नोंद करताना बापाचं नाव मुलाच्या नावामागे लागलं आणि एक-दोन पिढ्यांत तेच आडनाव म्हणून गोठलं. मॉरिशसमध्ये ‘जी’ने संपणारी मराठी आडनावं दिसतात, त्यांच्यामागे असा एकेक मूळपुरुष उभा आहे. याचा फायदा असा की आडनावातच त्याचं नाव सापडतं. तोटा असा की सख्ख्या दोन भावांची मुलं दोन वेगळ्या आडनावांची झालेली असू शकतात.

जातीच्या रकान्यातही जपून पाऊल टाकावं. इंग्रजी दप्तरात ‘मराठा’ म्हणजे कधी जात, तर कधी मराठी मुलखातला कुणीही माणूस. शिवाय डेपोच्या दारात जात बदलता येत होती. मजूर म्हणून घेतात की नाही या भीतीने कुणी वरची जात लपवली असेल, तर गावचा अपमान मागे टाकावा म्हणून कुणी वेगळी सांगितली असेल. एरवी त्या काळच्या मराठी नावाच्या शेपटावरून बरंच कळतं: महारांच्या नावात ‘नाक’ येई, वाण्या-सोनारांच्या ‘शेट’. पण गळतं ते हेच शेपूट.

वय, उंची आणि भुवईवरचा वण

आता बाबाजीकडे वळू. पहिला कागद १८५३ च्या रजिस्टरातली ओळ: बाबाजी, बाप राघोजी, वय २२, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या भुवईवर वण. दुसरा कागद १८६२ च्या रजिस्टरातली ओळ, नंबर वेगळा: बाबजी, बाप राघू, वय २५, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या भुवईवर वण. चौथा कागद १८९९ ची मृत्यूनोंद: वय ८०.

वजाबाकी केली तर जन्मसाल पहिल्यावरून १८३१ येतं, दुसऱ्यावरून १८३७ आणि चौथ्यावरून १८१९. अठरा वर्षांचा फरक. इथे सरासरी काढणं म्हणजे तीन साक्षीदारांचं म्हणणं खलबत्त्यात कुटणं. त्यापेक्षा एकेकाला विचारावं.

मृत्यूनोंदीत उत्तर देणारा माणूस बाबाजी नाही, एवढं तरी नक्की. शेजारी असेल, जावई असेल. त्याने बाबाजीचा जन्म पाहिलेला नाही. ऐंशी हा आकडाही बघा. वय नक्की ठाऊक नसलं की माणूस शून्यावर किंवा पाचावर येऊन थांबतो. जगभरच्या जुन्या जनगणनांत तीस, चाळीस, पन्नास वयाच्या माणसांची अशीच गर्दी दिसते. ‘ऐंशी’चा अर्थ इथे ‘खूप म्हातारा’ एवढाच घ्यायचा. मृत्यूनोंद मृत्यूच्या तारखेबद्दल मात्र उत्तम साक्षीदार आहे. एकाच कागदावरचा एक रकाना भक्कम आणि दुसरा पोकळ असू शकतो, म्हणून वजन संपूर्ण कागदाचं न करता एकेका रकान्याचं करायचं.

१८६२ चं २५ हे वयही संशयास्पद, कारण मळ्यांना तरणेबांड मजूर हवे होते. तिशी ओलांडलेल्या माणसाने किंवा त्याला आणणाऱ्याने चार-सहा वर्षं कमी सांगण्यात दोघांचाही फायदा होता. १८५३ साली खऱ्याखुऱ्या तरुणाला वय लपवण्याचं तसं कारण नव्हतं, आणि त्या वेळी तो जन्माच्या सर्वांत जवळ होता. म्हणून १८३१ च्या आसपास, दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे, हा अंदाज इतर दोघांपेक्षा जास्त पटणारा.

पण पहिल्या आणि दुसऱ्या कागदावरचा माणूस एकच कशावरून? बाबाजी हे नाव गल्लोगल्ली सापडणारं, आणि राघोजीही काही दुर्मिळ नाही. इथे उंची कामाला येते. वय विचारून किंवा बघून ठरवत, उंची मापून लिहीत. वाढ पूर्ण झालेल्या माणसाची उंची नऊ वर्षांत बदलत नाही. तरी नुसत्या उंचीवर भिस्त ठेवू नये, कारण पाच फूट तीन इंचांची माणसं त्या काळी जहाजभर होती. अंगावरची खूणही साधी असती, म्हणजे देवीचे व्रण वगैरे, तर तिला फारसं वजन नव्हतं. डाव्या भुवईवरचा वण मात्र विरळा. बापाचं नाव, उंची आणि ही खूण, अशा तिन्ही गोष्टी एकत्र जुळणं योगायोगाने होण्याची शक्यता फार कमी. पुराव्याची ताकद तो किती जणांना लागू पडत नाही यावर ठरते.

दोन नंबर, एक माणूस

तरी नंबर दोन का? पहिल्या ओळीच्या कडेला बघितलं तर बारीक अक्षरात नोंद आहे: १८६० साली भारताकडे प्रस्थान. करार संपवून मायदेशी गेलेला माणूस पुन्हा मॉरिशसला आला, की त्याला नवा नंबर मिळे. असे परतून आलेले कितीतरी होते. त्यांतले काही मुकादम म्हणून गावाकडची माणसं सोबत घेऊन आले. बाबाजीची एक ओळ १८६० साली मिटते आणि दुसरी १८६२ साली उघडते. दोन्ही ओळी एकाच वेळी उघड्या दिसल्या असत्या, म्हणजे १८५५ साली दोघेही वेगवेगळ्या मळ्यांवर हजर असते, तर आपला तर्क तिथेच कोसळला असता. स्वतःच्या तर्काला असं कोसळण्याची संधी देऊन बघावी. तरच तो उभा राहिला याला काही अर्थ असतो.

दुसऱ्या नंबराच्या आगेमागेही बघायला हवं. वहीत माणसं जहाजावरून उतरली त्या क्रमाने येतात, आणि एकाच गावची माणसं एकमेकांना धरून उतरतात. समजा, बाबाजीच्या लगतच्या पाच ओळींत चौघांचं गाव स्पष्ट लिहिलेलं आहे आणि बाबाजीचंच अक्षर पुसट आहे, तर ती चार गावं एका नकाशावर मांडा. आपला माणूस गप्प असेल तर त्याच्या सोबत्यांना बोलतं करायचं, ही या कामातली जुनी युक्ती आहे. जहाजावरचा सोबती, ‘जहाजी भाई’, हे नातं तिकडे रक्ताच्या नात्याइतकं मानलं गेलं. पुढे लग्नांत, साक्षीदारांत, मयताच्या खबरीत हीच नावं फिरून फिरून येतात.

आकड्यांचा विरोधही कधीकधी असाच फसवा असतो. १८७९ ते १९१६ या काळात फिजीला किती मजूर गेले? एका ठिकाणी ६०,९६५ हा आकडा मिळतो, दुसऱ्या ठिकाणी ६०,५५३. पहिला भारतातून निघालेल्यांचा आहे, दुसरा फिजीला पोचलेल्यांचा, समुद्रावर जन्मलेल्या बाळांसकट. दोन्ही बरोबर आहेत. मधल्या फरकात वाटेत मेलेली माणसं आहेत.

वारी कुठली?

पहिला कागद म्हणतो रत्नागिरी, दुसरा म्हणतो वारी. वारी म्हटलं की आपल्याला पंढरपूर आठवतं, पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजाला ‘वाडी’ म्हणता येत नव्हतं. सावंतवाडी संस्थानाला तो ‘सावंत वारी’ किंवा नुसतं ‘वारी’ लिही. तेव्हा हा गावाचा नव्हे, संस्थानाचा उल्लेख असू शकतो. अर्थात एखाद्या गावाची कुठलीशी वाडीही असू शकते, आणि कोकणात वाड्यांना काय तोटा!

मग रत्नागिरी कशी आली? इथे आजचा नकाशा मिटून जुना उघडावा लागतो. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं, तर त्याला लागून असलेलं वेंगुर्ला बंदर इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सावंतवाडी भागातला माणूस मुंबई गाठायला वेंगुर्ल्याहून गलबतात बसला, तर ‘कुठून आलास’ या प्रश्नाचं उत्तर रत्नागिरी जिल्हा असं होणं अगदी साहजिक. ‘कुठला राहणारा’ असं विचारलं तर तोच माणूस वाडी म्हणेल. आणि मॉरिशसला पस्तीस-चाळीस वर्षं राहून मेल्यावर शेजाऱ्याला विचारलं, तर तो ‘बॉम्बे’ म्हणेल. तीन उत्तरं आहेत खरी, पण प्रश्नही तीन होते.

आज वेंगुर्लं आणि सावंतवाडी दोन्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत, आणि तो जिल्हा १९८१ साली झाला. मॉरिशसहून आलेला खापरपणतू रत्नागिरी शहरात उतरून चौकशी करू लागला तर त्याची फेरी फुकट जाण्याची भीती आहे. सांगलीचंही असंच. ‘सातारा’ लिहिलेला माणूस आजच्या सांगली जिल्ह्यातला असू शकतो, कारण सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग १९४९ साली वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. कलकत्त्याच्या पासांवर आणखी एक चकवा आहे. तिथे ‘ठाणा’ हे रकान्याचं नाव, म्हणजे पोलीस ठाणं. ते वाचून कुणी ठाणे जिल्ह्याची गाडी पकडू नये.

मूल कुणाचं?

तिसरा कागद म्हणजे १८७१ ची जन्मनोंद. मुलाच्या नावापुढे आईचं नाव आहे आणि मूल विवाहबाह्य असल्याचा शेरा. घरच्यांच्या पोटात गोळा येतो आणि पुष्कळदा कागद पुन्हा घडी घालून ठेवला जातो. इथेही विचारणारा कोण ते पाहावं. धार्मिक विधीने लागलेलं लग्न सरकारी दप्तरात नोंदवलेलं नसेल, तर तिथल्या कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हतं. मंगळसूत्र, अक्षता, पाच गावचे जहाजी भाई साक्षीला असूनही मूल कागदावर आईच्या एकटीचंच होई. शेरा त्या काळच्या कायद्याबद्दल बोलतो, त्या बाईबद्दल नाही. दक्षिण आफ्रिकेत १९१३ मध्ये न्यायमूर्ती सर्ल यांनी अशाच अर्थाचा निकाल दिला, तेव्हा कस्तुरबांसह अनेक स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या.

बायकांच्या नोंदी शोधणं आणखी अवघड. माहेरचं नाव, सासरचं नाव, डेपोत जुळलेला नवा संसार, यांत तीच बाई तीन नावांनी दिसते. पण कधीकधी एखादा रकाना दार उघडून देतो. गायुत्रा बहादूर या अमेरिकेतल्या पत्रकार. त्यांची पणजी सुजरिया १९०३ साली कलकत्त्याहून ‘क्लाइड’ जहाजाने ब्रिटिश गयानाला गेली. तिच्या पासावर चार महिन्यांची गरोदर अशी नोंद होती, आणि सोबत नवरा नव्हता. मूल समुद्रावर जन्माला आलं. बहादूर तो पास घेऊन बिहारमधल्या गावापर्यंत जाऊन आल्या आणि २०१३ साली त्यावर ‘कुली वुमन’ हे पुस्तक लिहिलं. गाव सापडलं. सुजरिया एकटी का निघाली, याचं उत्तर मात्र कुठल्याच रकान्यात नव्हतं. बहादूर यांनी ते दडपून भरलंही नाही. वंशावळ लिहिणाऱ्याने त्यांच्याकडून शिकावं ते हे.

आठवणीची साक्ष

उरली घरातली आठवण. शिकलेला माणूस तिला पहिल्यांदा बाद करतो, कारण तिच्यावर शिक्का नसतो. सत्तावन्नच्या बंडानंतर पूर्वज पळून आला, ही कथा मॉरिशसपासून कॅरिबियनपर्यंत असंख्य घरांत सांगितली जाते. ती जिथे तिथे खरी असणं शक्य नाही. बाबाजी तर १८५३ सालीच आलेला दिसतो.

पण तो दोनदा आला होता. मुलं झाली ती दुसऱ्या खेपेनंतर. त्यांनी बापाच्या तोंडून ऐकलेलं ‘येणं’ १८६२ चं, म्हणजे सत्तावन्नच्या नंतरचंच. बंडाशी त्याचा संबंध नसेल, पण घराने साल अगदीच चुकवलेलं नाही.

आणि भोसले? आडनाव असूही शकतं. पण सावंतवाडीचं राजघराणं सावंत-भोसल्यांचं. ‘तू कुणाचा?’ असं विचारल्यावर संस्थानातला रयतेतला माणूस ‘भोसल्यांच्या मुलखातला’ असं म्हणाला असेल, आणि दोन पिढ्यांनी मुलूख गळून भोसले तेवढं उरलं असेल. ही शक्यता आहे, पुरावा नव्हे. तरी गंमत अशी की जी आठवण फुशारकी वाटत होती तीच ‘वारी’च्या बाजूने साक्ष देते आहे.

घरात टिकलेल्या रीतीभातींकडेही असंच बघावं. मॉरिशसच्या मराठी घरांत गणपतीत ‘झाकरी’ नाचतात. कोकणातल्या माणसाला त्यात जाखडी ओळखू यायला वेळ लागत नाही. कुलदैवताचं नाव, देवकातलं झाड, घरची एखादी पक्वान्नाची रीत, लग्नातला गोंधळ, यांतून गाव कळत नाही, पण शोधाचं वर्तुळ लहान होतं.

इकडचं टोक

दोर तिकडून कितीही ओढला तरी त्याचं दुसरं टोक इकडे आहे. महाराष्ट्रात २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, तेव्हा गाव नमुना १४, कोतवाल बुक, मोडी लिपी हे शब्द घरोघरी पोचले. १८५३ साली गाव सोडलेला माणूस या जन्म-मृत्यूच्या वह्यांत सहसा सापडणार नाही, पण त्याच्या मागे राहिलेल्या भावाचा मृत्यू सापडू शकतो. कोकणात खोतीच्या जमिनींची बोटखतं आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, पुण्याला पेशवे दप्तर.

सरकारी कागदांच्या बाहेर तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे घराण्यांच्या नामावळी पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या असतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी गावोगाव फिरून घराण्याची पिढी वाचून दाखवतात. पण इथे एक पेच आहे. जहाजाच्या वहीत आडनाव नाही आणि उपाध्यांच्या वहीत गाव-आडनावाशिवाय पान सापडत नाही. दोन्ही काठ भक्कम असून मधे पूल नाही. म्हणून गाव ठरवण्यावर आणि घरात उरलेल्या कुलदैवतासारख्या खुणांवर एवढा वेळ घालवायचा.

डीएनए चाचणीने हा पूल आपोआप बांधला जाईल, अशी पुष्कळांची समजूत असते. खापरपणजोबांकडून आपल्यात सरासरी सव्वासहा टक्के अंश येतो. तेवढ्यावरून दूरचा भाऊबंद जुळू शकतो, पण त्यासाठी त्या भाऊबंदानेही कणकवलीत किंवा कुडाळात बसून चाचणी केलेली हवी. आणि जुळणीतून नातं कळतं, गावाचं नाव कळत नाही.

निकाल लिहिताना

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न इकडच्या माणसाला पडतो, कारण त्याचं गाव त्याच्या आधार कार्डावर असतं. मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआय कार्डाची सोय सातव्या पिढीपर्यंत वाढवली. त्यामुळे मूळपुरुषाचा नंबर शोधण्याला आता व्यवहाराची बाजूही आली आहे. पण कार्ड नको असलेले लोकही शोधतात. बापाचं नाव आडनाव होऊन बसलेल्या घराला त्या बापाचाही बाप कोण होता हे कळावंसं वाटतं.

या शास्त्रातले जाणकार निकाल देण्याआधी पाच गोष्टी मागतात: शोध शक्य तेवढा पुरा केलेला असावा, प्रत्येक गोष्ट कुठून घेतली ते लिहिलेलं असावं, पुरावे एकमेकांशी ताडून पाहिलेले असावेत, विरोध मिटवलेला असावा आणि निष्कर्ष कारणांसकट लिहून काढलेला असावा. शेवटची अट सर्वांत जास्त टाळली जाते, आणि तीच सर्वांत उपयोगाची. डोक्यात पक्का वाटणारा तर्क कागदावर उतरवताना मधली फट दिसते.

तर बाबाजीचा निकाल असा लिहावा: बाबाजी राघोजी, जन्म सुमारे १८३१. १८५३ मध्ये मॉरिशसला आला, १८६० मध्ये परतला, १८६२ मध्ये पुन्हा आला. दोन नंबरांचा माणूस एकच, कारण बापाचं नाव, उंची व भुवईवरचा वण जुळतात आणि एक नोंद मिटल्यावरच दुसरी उघडते. १८७१ मध्ये मुलगा झाला, लग्न विधीने झालेलं पण नोंदवलेलं नसावं. मृत्यू १८९९. मुलूख बहुधा सावंतवाडी संस्थान. आडनाव ठरत नाही.

यातलं नाव, दोन्ही नंबर आणि मृत्यूचं साल शाईने लिहावं. जन्मसाल आणि मुलूख पेन्सिलीने. आणि आडनावाची जागा कोरी ठेवावी, अगदी भोसले लिहायला हात शिवशिवला तरी. पुढे कुणाला नाशिकच्या वहीत राघोजीचं पान सापडलं, तर त्याला लिहायला जागा उरली पाहिजे.